गच्चीवरचे प्रोफेसर यागी

अँटेना अँड वेव्ह प्रोपगेशनच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न आहे. यागी-उदा अँटेनाची आकृती काढून तिचं कार्य स्पष्ट करा. आपण काय करतो? एक आडवी रेघ मारतो, तिला काटकोनात सहा-सात रेघा. मागची सगळ्यात लांब, पुढच्या जरा आखूड. शेजारी रेडिएशन पॅटर्नचा फुगलेला लोब काढतो. झालं काम, मार्क खिशात! पण यागी कोण आणि उदा कोण, हे कुणी विचारत नाही. हे दोन वेगळे लोक आहेत की एकाच माणसाचं नाव आणि आडनाव, याबद्दलही फायनल इयरपर्यंत गोंधळ असतो. सिलॅबसमध्ये ते नाही ना!

म्हणून हा लेख प्रोफेसर हिदेत्सुगु यागी यांच्यावर. पण त्यांची गोष्ट सांगताना शिंतारो उदा यांना सोडून चालणारच नाही. का, ते पुढे कळेलच.

आधी गच्चीवर जाऊ

आजच्या फर्स्ट इयरच्या मुलामुलींनी टीव्ही पाहिला तो केबलवर, डिशवर नाहीतर मोबाइलवर. दूरदर्शनची जवळजवळ सगळी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बंद झाली. पण आपल्या स्टाफपैकी ज्यांचं बालपण ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना विचारून बघा. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी पुण्याला सिंहगडावरून कार्यक्रम दिसू लागले. पुण्यात गच्चीवर उभं राहिलं की सगळ्या घरांच्या अँटेना एकाच दिशेला, सिंहगडाकडे तोंड करून! होकायंत्राची गरजच नाही.

अँटेना लावायला मेकॅनिकला बोलावणं म्हणजे पैसे वाया घालवणं, अशीच बहुतेक घरांत समजूत होती. दुकानातून काड्यांचा जुडगा, नट-बोल्ट, चपटी वायर आणि जीआय पाइप आणायचा आणि रविवारी सकाळी घरच्याच मंडळींनी गच्ची गाठायची. एक जण वर पाइप धरून, एक जण जिन्यात आणि एक जण टीव्हीसमोर. वरच्याने पाइप इंचभर फिरवायचा. खालच्याने आलं म्हणून ओरडायचं. जिन्यातल्याने ते वर पोचवायचं. तोपर्यंत वरच्याने आणखी इंचभर फिरवलेला असायचा, की पडद्यावर पुन्हा मुंग्या! कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅकमध्ये डिले असला की सिस्टिम हंट करते. हे तत्त्व महाराष्ट्रातल्या हजारो गच्च्यांवर सिद्ध झालेलं आहे.

यातून घरोघरी हौशी अँटेना-तज्ज्ञ तयार झाले. पुस्तकात न वाचताही त्यांना बरंच कळायचं. आखूड काड्या केंद्राकडे आणि सगळ्यात लांब काडी पाठीमागे, उलटं बसवलं तर चित्र जातं. काड्या जमिनीला समांतरच हव्यात, कारण प्रक्षेपण तसंच, आडव्या ध्रुवणाचं, असतं. चपटी वायर लोखंडी पाइपला चिकटवून गुंडाळायची नाही, पाइपपासून थोडी लांब धरायची, नाहीतर निम्मा सिग्नल वाटेतच मरतो. पावसात तीच वायर भिजली की चित्र फिकं पडतं. शेजारी टेकडी किंवा मोठी इमारत असेल तर एकाच बातमीदाराच्या दोन आकृत्या दिसतात, कारण थेट आलेली लहर आणि आदळून उशिरा आलेली लहर दोन्ही टीव्हीत शिरतात. अशा वेळी अँटेनाचं तोंड केंद्राकडून थोडं वळवायचं. मुख्य चित्र किंचित कमी होतं, पण भूत नाहीसं होतं. मोठ्या सिग्नलपेक्षा स्वच्छ सिग्नल महत्त्वाचा, हा धडा गच्चीवरच मिळायचा.

आणि या सगळ्या उद्योगात हातात धरलेली ती काड्यांची शिडी म्हणजेच यागी-उदा अँटेना. आपल्याकडच्या कुटुंबाने दहा-वीस वर्षं डोक्यावर बाळगलेला हा शोध सेंदाई नावाच्या जपानी शहरातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये लागला होता.

सिलॅबसमधल्या तीन माणसांना भेटलेला विद्यार्थी

यागींचा जन्म २८ जानेवारी १८८६ चा, ओसाकाचा. टोकियो इम्पिरियल युनिव्हर्सिटीतून १९०९ साली ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि सेंदाईला शिकवायला लागले. १९१३ मध्ये त्यांना पुढील अभ्यासासाठी युरोपात पाठवण्यात आलं.

आता इथे जरा थांबा आणि पुढची तीन नावं बघा. यागी प्रथम जर्मनीत ड्रेस्डेनला गेले ते बार्कहाउझेन यांच्याकडे. हो, तेच ते ऑसिलेटरच्या व्हायवात एक्सटर्नल हमखास विचारतात ते बार्कहाउझेन क्रायटेरियनवाले! त्यांच्याकडे यागींनी अखंड लहरी कशा निर्माण करायच्या यावर काम केलं. १९१४ च्या उन्हाळ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. जपान जर्मनीच्या विरुद्ध बाजूने युद्धात उतरला, त्यामुळे जर्मनीतलं शिक्षण संपलं. यागी लंडनला गेले आणि फ्लेमिंग यांच्या हाताखाली काम करू लागले. हे फ्लेमिंग म्हणजे व्हॅक्यूम डायोडचे जनक आणि ज्यांच्या नियमासाठी आपण परीक्षा हॉलमध्ये बोटं वाकडी करत बसतो तेही हेच. तिथून पुढे अमेरिकेत हार्वर्डला, पियर्स यांच्याकडे. पियर्स ऑसिलेटर आठवतो ना? तीन वर्षांत तीन देश आणि तीन गुरू. १९१६ मध्ये यागी जपानला परतले ते वायरलेसचं जग आतून पाहून.

त्या काळचं वायरलेस म्हणजे लांब लहरींचं. शेकडो मीटर, कधीकधी कित्येक किलोमीटर लांबीच्या लहरी, उंचच उंच मनोरे आणि प्रचंड ताकदीचे ट्रान्समीटर. सगळ्या मोठ्या कंपन्या याच मार्गाने चाललेल्या. यागींच्या मनात मात्र उलटा विचार होता. लहर आखूड केली तर काय होईल? टॉर्चचा प्रकाश जसा आरशाने एका दिशेला फेकता येतो तशी रेडिओलहर फेकता येईल का? आरसा लहरीच्या मानाने मोठा असावा लागतो. किलोमीटरभर लहरीसाठी आरसा करायचा तर डोंगराएवढा लागेल. पण लहर चार-पाच मीटरची असेल तर माणसाला उचलता येतील अशा काड्यांनीही काम भागेल.

काड्यांचा हिशोब

तोहोकू इम्पिरियल युनिव्हर्सिटीत यागी प्रोफेसर होते. टोकियोपासून दूर, तुलनेने लहान शहरातलं हे विद्यापीठ. पण तिथे त्यांनी तरुण मुलांची एक टीम जमवली. सैतो नावाच्या स्थानिक कुटुंबाच्या न्यासाने संशोधनाला पैसे दिले. या टीममध्ये १९२४ साली पदवी घेऊन बाहेर पडलेला एक मुलगा होता, शिंतारो उदा. जन्म १८९६ चा, म्हणजे यागींपेक्षा दहा वर्षांनी लहान.

प्रयोग सुरू असताना एक गोष्ट दिसली. लहरींच्या वाटेत एखादी धातूची काडी ठेवली, तिला कुठलीही वायर जोडली नाही, तरी ती लहरीवर परिणाम करते. तिच्यात प्रवाह निर्माण होतो आणि ती स्वतः लहर सोडू लागते. आता ही परत सोडलेली लहर मूळ लहरीला साथ देते की विरोध करते, हे काडीच्या लांबीवर आणि अंतरावर ठरतं. अर्ध्या लहरीपेक्षा जरा लांब काडी मागे ठेवली तर ती लहर पुढे परतवते, हा रिफ्लेक्टर. जरा आखूड काडी पुढे ठेवली तर ती लहर आपल्याकडे ओढून पुढे ढकलते, हा डायरेक्टर. एकापुढे एक अशा बऱ्याच आखूड काड्या मांडल्या की लहर कालव्यातल्या पाण्यासारखी त्या रांगेतून वाहत जाते. सेंदाईच्या लॅबमध्ये या रांगेला लहरींचा कालवा असंच काहीसं नाव होतं.

सांगायला हे दोन ओळींत संपतं, पण करून बघायला किती कष्ट! त्या काळी कॉम्प्युटर नाही, सिम्युलेशन नाही, गणिताने हे सोडवायची सोपी रीत नाही. उदा यांनी साधारण ४.४ मीटरच्या लहरीवर एकेक गोष्ट बदलून मोजलं. काडीची लांबी बदलायची, मोजायचं. अंतर बदलायचं, मोजायचं. काड्यांची संख्या वाढवायची, पुन्हा मोजायचं. मोजणारा माणूस जवळ उभा राहिला तर त्याच्याच शरीराने मोजमाप बिघडतं, हे आपण गच्चीवर पाहिलेलंच आहे. पाइप सोडून बाजूला झालं की चित्र बदलायचं! १९२६ ते १९२९ या काळात उदा यांनी जपानी भाषेत अकरा शोधनिबंधांची मालिका प्रसिद्ध केली. रिफ्लेक्टर पाव लहरीच्या आसपास मागे ठेवावा, डायरेक्टर अर्ध्या लहरीपेक्षा सुमारे दहा टक्के आखूड असावा, हे ठोकताळे याच मोजमापांतून आले. नंतर त्याच लॅबमधून वीस किलोमीटर अंतरापर्यंत संदेश पाठवण्याचे प्रयोगही झाले.

नाव कुणाचं?

आता मुद्द्याकडे येऊ. १९२५ च्या अखेरीस पेटंटचा अर्ज गेला आणि १९२६ मध्ये पेटंट मिळालं. अर्जावर नाव एकट्या यागींचं. १९२६ च्या फेब्रुवारीत इम्पिरियल अकादमीच्या नियतकालिकात जो इंग्रजी निबंध आला त्यावर मात्र यागी आणि उदा अशी दोन्ही नावं होती. तो जगात फार कुणी वाचला नाही. १९२८ मध्ये यागी अमेरिकेत गेले, तिथल्या रेडिओ इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे त्यांनी व्याख्यानं दिली आणि त्या संस्थेच्या जर्नलमध्ये त्यांचा इंग्रजी लेख आला. तो मात्र सगळ्यांनी वाचला. त्यात यागींनी उदा यांच्या कामाचा स्पष्ट उल्लेख केला आहे, लपवाछपवी केलेली नाही. पण लेखक म्हणून वर नाव एकच होतं. इंग्रजी बोलणाऱ्या जगाने त्या अँटेनाला यागी म्हणायला सुरुवात केली ती कायमची. पेटंटचे हक्क परदेशात मोठ्या कंपन्यांकडे गेले, अमेरिकेत आरसीएकडे आणि ब्रिटनमध्ये मार्कोनी कंपनीकडे.

यागींनी श्रेय चोरलं का? मला तरी तसं वाटत नाही. दिशा त्यांची, लॅब त्यांची, निधी त्यांनी मिळवलेला, जगासमोर विषय मांडायची ताकदही त्यांचीच. त्याच १९२८ च्या लेखाचा दुसरा भाग त्यांच्याच विभागातल्या किंजिरो ओकाबे यांच्या मॅग्नेट्रॉनवर होता. म्हणजे स्वतःबरोबर विद्यार्थ्यांचं कामही ते घेऊन फिरत होते. पण महिनोन् महिने काड्या कापून, मोजून, पुन्हा कापून ज्याने ती अँटेना प्रत्यक्षात आणली त्याचं नाव पेटंटवर नव्हतं, हेही तितकंच खरं. काड्यांच्या त्या रांगेत वायर जोडलेली असते फक्त एका काडीला. बाकीच्या काड्यांना काहीच जोडलेलं नसतं, पण त्या काढून टाकल्या तर पुढचं आणि मागचं सारखंच ऐकणारा एक साधा डायपोल उरतो.

यागी माणूस म्हणून कसे होते याचा अंदाज आणखी एका प्रसंगातून येतो. १९३३ मध्ये ते ओसाकाच्या नव्या विद्यापीठात फिजिक्स विभाग उभारायला गेले. तिथे त्यांनी एका तरुण, अबोल लेक्चररला घेतलं. वर्ष झालं तरी त्याचा एकही शोधनिबंध नाही! यागींनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो मुलगा अपमान गिळून कामाला लागला आणि १९३५ मध्ये त्याचा मेसॉनवरचा निबंध आला. त्याचं नाव हिदेकी युकावा. १९४९ मध्ये नोबेल मिळवणारा पहिला जपानी माणूस. तेव्हा गाइडने झापलं म्हणून मेसमध्ये बसून रडत बसू नका.

घरची कोंबडी

परदेशात अँटेनाचा बोलबाला होत होता, जपानमध्ये मात्र घरकी मुर्गी दाल बराबर. सरकारी आणि लष्करी मंडळींना त्यात विशेष काही दिसलं नाही. १९४१ साली पेटंटची मुदत वाढवून मागितली गेली, तर हा शोध तेवढा महत्त्वाचा नाही असं ठरवून ती नाकारण्यात आली.

पुढच्याच वर्षी त्याची किंमत कळली. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्याने सिंगापूर जिंकलं. तिथे ब्रिटिशांच्या रडारचे कागद आणि एका सैनिकाची टिपणवही हाती लागली. त्यात जागोजागी एक शब्द होता, यागी. जपानी तंत्रज्ञांना त्याचा अर्थच लागेना. हा इंग्रजी शब्द आहे की कसला संकेत आहे, त्याचा उच्चार काय, काही कळेना. शेवटी त्यांनी युद्धकैदी असलेल्या त्या ब्रिटिश सैनिकालाच विचारलं. तो चकित झाला. हे नाव तर तुमच्याच देशातल्या प्रोफेसरचं आहे, असं त्याने त्यांना सांगितलं. विचारणाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील याची कल्पनाच करावी. ब्रिटिश विमानांच्या रडारवर याच अँटेना बसवलेल्या होत्या आणि समुद्रातली जहाजं आणि पाणबुड्या शोधत होत्या.

मग जपानला यागींची आठवण झाली. १९४२ मध्ये ते टोकियोच्या तंत्रज्ञान संस्थेचे प्रमुख झाले आणि १९४४ च्या डिसेंबरात देशाच्या संपूर्ण तंत्रज्ञान खात्याचे अध्यक्ष. म्हणजे युद्धाला हातभार लावणाऱ्या संशोधनाची जबाबदारी त्यांनी उचलली, ही बाजू झाकायचं कारण नाही. पण १९४५ च्या सुरुवातीला जपानच्या संसदेत त्यांना शस्त्रांबद्दल विचारणा झाली तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते त्या वातावरणात धाडसाचं होतं. तो काळ तरुण वैमानिकांना विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळायला पाठवण्याचा होता. चालवणारा जिवंत परत येईल आणि तरीही नेम चुकणार नाही असं शस्त्र देणं हे तंत्रज्ञांचं काम होतं, ते आम्हाला जमलं नाही म्हणून मुलांना मरायला जावं लागतंय, अशा अर्थाची कबुली त्यांनी भर सभेत दिली. इंजिनिअरच्या अपयशाची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो, हे इतक्या उघडपणे सांगणारा अधिकारी विरळाच.

आणि मग ऑगस्ट १९४५. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब जमिनीवर आदळून नव्हे, तर साधारण ६०० मीटर उंचीवर हवेतच फुटायला हवा होता. उंची मोजायला बॉम्बमध्येच छोटी रडार यंत्रं बसवली होती. ती ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालायची. बॉम्बच्या अंगावर बाहेर फुटापेक्षा जरा लांब अशा काड्या होत्या. त्या यागी अँटेना होत्या. नागासाकीच्या बॉम्बवरही तशाच. ज्या देशाने आपल्या प्रोफेसरला ओळखलं नाही, त्याच देशावर त्याचाच शोध या रूपाने येऊन कोसळला. सेंदाईच्या लॅबमध्ये काड्या मोजणाऱ्यांनी हे स्वप्नातही पाहिलं नसेल. तंत्रज्ञान चांगलं की वाईट यावर आपण ग्रुप डिस्कशनमध्ये तावातावाने बोलतो, तेव्हा हे उदाहरण लक्षात असू द्यावं.

पुन्हा गच्चीकडे

युद्धानंतर १९४६ मध्ये यागी काही महिने ओसाका विद्यापीठाचे अध्यक्ष होते. पण युद्धकाळातल्या पदामुळे त्यांना सार्वजनिक पदांवरून दूर करण्यात आलं. वय साठ. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. यागींनी १९५२ मध्ये स्वतःच्या नावाची अँटेना कंपनी काढली. १ फेब्रुवारी १९५३ रोजी जपानमध्ये टीव्ही सुरू झाला आणि बघता बघता घराघरावर काड्यांची शिडी उभी राहिली. ज्या पेटंटला मुदतवाढ मिळाली नव्हती तेच आता सगळ्या देशाच्या छपरावर! त्याच वर्षी ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेले, नंतर एका इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रमुख झाले आणि १९५६ मध्ये त्यांना जपानचा मानाचा संस्कृती सन्मान मिळाला.

टीव्हीला ही अँटेना इतकी का मानवली? एक तर स्वस्त. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि नट-बोल्ट, बाकी काही नाही. दुसरं, ती एकाच दिशेला ऐकते. शहरात केंद्र एकाच दिशेला असतं, त्यामुळे बाकीचा गोंगाट आपोआप गळतो. तिसरं, वायरची जुळणी. साध्या डायपोलचा इम्पिडन्स सुमारे ७३ ओहम. शेजारी रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर आले की तो आणखी खाली येतो. म्हणून वायर जोडायच्या काडीला दुमडून लांबट कडं केलं जातं, हा फोल्डेड डायपोल. त्यामुळे इम्पिडन्स चौपट होतो आणि ३०० ओहमच्या चपट्या वायरीशी बऱ्यापैकी जुळतो. गच्चीवरच्या अँटेनात एकच काडी कड्यासारखी का असते, याचं उत्तर हे.

लांबीचा हिशोबही सोपा. भारतात चॅनेल ४ चा पट्टा ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. मध्य साधारण ६४.५ धरला तर लहर ४.६५ मीटर, अर्धी लहर २.३ मीटर. म्हणून जुन्या अँटेना एवढ्या रुंद, की त्यांवर अख्खी कावळ्यांची शाळा भरायची आणि काड्या वाकायच्या. चॅनेल ५ मात्र १७४ ते १८१ मेगाहर्ट्झ. तिथे अर्धी लहर ८५ सेंटिमीटरच्या आतच. त्यामुळे एका गावची अँटेना बदलीच्या गावी नेली आणि तिथलं चॅनेल वेगळं निघालं, तर ती कितीही उंच चढवली तरी उपयोग नसायचा. दोष केंद्राचा नाही, टीव्हीचाही नाही, दोष काड्यांच्या लांबीचा.

आणि उदा?

उदा सेंदाईलाच राहिले, प्रोफेसर झाले. १९५४ मध्ये त्यांनी मुशियाके या सहकाऱ्याबरोबर या अँटेनावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुस्तकाच्या नावात यागी आणि उदा अशी दोन्ही नावं होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची. १९५५ ते १९५८ या काळात उदा युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून भारतात होते, दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत! भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीतच. म्हणजे ज्या माणसाने ही अँटेना घडवली तो, ती आपल्या छपरांवर यायच्या वर्षभर आधीच, आपल्या राजधानीत काम करून परत गेला होता. पुढे लाखो भारतीयांनी ती गच्चीवर चढवली आणि तिला नुसतंच अँटेना म्हटलं. ना यागी, ना उदा!

यागी १९ जानेवारी १९७६ रोजी वारले, नव्वदीला दहाएक दिवस कमी असताना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उदाही गेले. १९९५ मध्ये आयट्रिपलई या जागतिक संस्थेने तोहोकू विद्यापीठात या शोधाचा स्मृतिफलक लावला. त्यावर प्रोफेसर म्हणून यागींचं आणि सहायक म्हणून उदा यांचं, अशी दोघांचीही नावं आहेत. पुस्तकांमध्येही यागी-उदा हे जोडनाव रुळलं. वेळ लागला, पण झालं.

करून बघायला काय हरकत आहे?

दूरदर्शनचं ॲनालॉग चित्र आता जवळजवळ कुठेच काड्यांवर येत नाही, पण एफएम रेडिओ अजून हवेतच आहे. हॉस्टेलवर तीन काड्यांची यागी करायला एक सुट्टीचा दिवस पुरतो. १०० मेगाहर्ट्झला अर्धी लहर दीड मीटर. मागची काडी साधारण १५० सेंटिमीटर, मधली १४२, पुढची १३३. मधली बरोबर मध्ये कापून दोन्ही तुकड्यांना वायर जोडायची आणि ते तुकडे लाकडी दांड्यावर एकमेकांना न चिकटता बसवायचे. रिफ्लेक्टर ६० ते ७५ सेंटिमीटर मागे, डायरेक्टर तेवढाच पुढे. एरवी जेमतेम ऐकू येणारं शेजारच्या जिल्ह्याचं केंद्र पकडा आणि हळूहळू फिरवत बसा. दर पंधरा अंशांना सिग्नल कसा आहे ते वहीत लिहा आणि ग्राफ काढा. जर्नलमध्ये दरवर्षी सीनिअरच्या जर्नलवरून उतरवला जाणारा तो फुगलेला लोब आपल्या हाताने काढलेला असेल. विजेच्या तारांपासून लांब राहा, ढग गडगडत असतील तर गच्ची सोडा आणि मुख्य म्हणजे रेक्टर सरांची परवानगी आधी घ्या!

मग प्रोजेक्ट रिपोर्टचं पहिलं पान टाइप करताना यागी आणि उदा यांची आठवण ठेवा. चार जणांच्या ग्रुपमध्ये एक जण प्रेझेंटेशन छान करतो. त्याची गरज असतेच, यागी नसते तर जगाला ही अँटेना कळलीच नसती. पण रात्री दोन वाजता लॅबमध्ये सोल्डरिंग करणारा, रीडिंग्ज पुन्हा पुन्हा घेणारा एक जण असतो. त्याचं नाव आभाराच्या पानावर नको, मुखपृष्ठावर हवं. तिथे जागा भरपूर असते आणि एक ओळ जास्त टाइप करायला काहीच लागत नाही. उदा यांचं नाव फलकावर यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली.